घर एकाचे, इमारत सर्वांची : सहकारी गृहनिर्माण संस्थेतील वास्तव्याचे लाभ आणि बंधने

गावातील घराला स्वतःचे जोते असते, स्वतःचे छप्पर असते आणि परसाची हद्द कोठे संपते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. कौले फुटली तर ती बदलण्यासाठी शेजाऱ्याची संमती घ्यावी लागत नाही. शहरातील इमारतीत घेतलेल्या गाळ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे एका कुटुंबाच्या डोक्यावरील छत हीच दुसऱ्या कुटुंबाच्या पायाखालची जमीन असते. पाण्याची टाकी, जिना, गच्ची, सांडपाण्याचे नळ आणि ज्या भूखंडावर हे सारे उभे आहे तो भूखंड, यांपैकी काहीही एकट्याचे नसते. जे एकट्याचे नाही त्याची निगा कोणी राखावयाची, खर्च कोणी किती द्यावयाचा आणि एखाद्याने तो दिला नाही तर काय करावयाचे, या तीन प्रश्नांना महाराष्ट्राने जे उत्तर शोधले ते म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था.

राज्यात अशा नोंदणीकृत संस्थांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. सर्व प्रकारच्या सहकारी संस्थांपैकी निम्म्याहून अधिक संस्था याच प्रकारच्या आहेत. साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांच्याविषयी जेवढे लिहिले-बोलले जाते त्या मानाने गृहनिर्माण संस्थांविषयी फारच थोडे बोलले जाते. वास्तविक शहरात राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांचा सहकाराशी जो काही संबंध येतो तो याच संस्थेच्या द्वारे येतो, आणि तो दररोज येतो.

ही संस्था कर बसवीत नाही, परंतु दरमहा देयक पाठविते. ती कायदे करीत नाही, परंतु तिला उपविधी असतात आणि तिच्या सभेत झालेले ठराव सर्वांना लागू होतात. निवडणूक होते, हिशेब मांडले जातात, थकबाकीदारावर वसुलीची कारवाईही होते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना हे चित्र परिचयाचे वाटेल. फरक एवढाच की, येथे कारभार करणारे आणि ज्यांच्यावर तो करावयाचा ते, दोघेही एकाच जिन्याने वर जातात. संस्थेपासून होणारे लाभ आणि तिच्याविषयीच्या तक्रारी, दोहोंचे मूळ या एका गोष्टीत आहे.

गावदेवीपासून आजपर्यंत

१९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रयोजनांसाठीही सहकारी संस्था स्थापन करण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ साली, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. या कामातील अग्रणी रावबहादुर श्रीपाद सुबराव तळमकी यांनी त्यापूर्वी, १९०६ मध्ये, शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेचा पाया घातला होता. वाढत्या भाड्याने आणि जागेच्या टंचाईने त्रासलेल्या पगारदार मध्यमवर्गाला एकत्र येऊन जागा घेता येते, एकत्र इमारत बांधता येते आणि घरमालकाच्या मर्जीवाचून राहता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. गावदेवीची पद्धत भाडेकरू सहभागितेची होती. म्हणजे जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची, आणि सभासद हा आपल्याच संस्थेचा भाडेकरू. ज्यांना स्वतःचे स्वतंत्र घर बांधावयाचे होते त्यांच्यासाठी पुढे भूखंडांच्या संस्था निघाल्या. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांच्या, शासकीय कर्मचाऱ्यांच्या ज्या वसाहती दिसतात, त्यांतील पुष्कळशा या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

या जुन्या संस्थांची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांचे सभासद इमारत उभी राहण्यापूर्वीच एकमेकांना ओळखत होते. ते एका ज्ञातीचे होते, एका कचेरीत काम करीत होते किंवा एका शाळेत शिकवीत होते. भागभांडवल त्यांनी मिळून जमविले, जागा मिळून पाहिली, आणि मग ते शेजारी झाले. आधी विश्वास, मग संस्था आणि शेवटी इमारत, असा तो क्रम होता.

साठच्या दशकात हा क्रम उलटला. खाजगी बांधकाम व्यावसायिक इमारत बांधून गाळे विकू लागले. त्यांच्या व्यवहारांत शिस्त यावी म्हणून १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम झाला. पुरेसे गाळे विकले गेले की ग्राहकांची संस्था नोंदवून द्यावी आणि त्यानंतर जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, असे बंधन व्यावसायिकावर घालण्यात आले. आता इमारत आधी उभी राहू लागली, संस्था नंतर नोंदली जाऊ लागली, आणि विश्वास मात्र कोणी कोठून आणावयाचा हे कायद्याला सांगता येणे शक्य नव्हते. पहिल्या सर्वसाधारण सभेत एकत्र बसणारी चाळीस-पन्नास कुटुंबे बहुधा एकमेकांना प्रथमच पाहत असतात. संस्थांतील आजच्या कितीतरी भांडणांचा उगम शोधू गेल्यास तो येथे सापडतो. कायदा सहकाराचा, पण माणसे सहकारासाठी एकत्र आलेली नाहीत. ती घरासाठी आलेली आहेत.

संस्था कोणते संरक्षण देते

असे असले तरी संस्थेचा मोठा लाभ नजरेआड करता येत नाही. नोंदणी होताच संस्थेला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व प्राप्त होते. ती मालमत्ता धारण करू शकते, करार करू शकते, दावा लावू शकते. एकट्या गाळेधारकाला दाद न देणारा बांधकाम व्यावसायिक किंवा पाणीपुरवठा कार्यालय संस्थेच्या पत्राची दखल अधिक गांभीर्याने घेते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. जिल्ह्याच्या सहकार खात्यात उपनिबंधक आहे, वर्षाला लेखापरीक्षण आहे, वादासाठी सहकार न्यायालय आहे. देय रक्कम थकविणाऱ्या सभासदाविरुद्ध दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविता येतो, आणि त्याची अंमलबजावणी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यांच्या दृष्टीने हे संरक्षण मोलाचे आहे, कारण एकाची थकबाकी म्हणजे उरलेल्यांवर पडणारा बोजाच असतो. मात्र थकबाकीदाराचे पाणी तोडणे हा उपविधींनी सांगितलेला मार्ग नव्हे. उतावीळ समित्या तो चोखाळतात आणि मग थकबाकीदार हाच फिर्यादी होऊन बसतो.

संस्थेलाही लगाम आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गाळा विकताना संस्था जे हस्तांतरण अधिमूल्य मागते त्याची कमाल मर्यादा शासनाने ऑगस्ट २००१ मध्ये ठरवून दिली. महानगरपालिका क्षेत्रात ती २५,००० रुपये, 'अ', 'ब' व 'क' वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रात अनुक्रमे २०,०००, १५,००० व १०,००० रुपये, आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये अशी आहे. 'इमारत निधीस ऐच्छिक देणगी' या नावाने याहून अधिक रक्कम घेण्याची प्रथा काही संस्थांत पडलेली दिसते. जी देणगी दिल्याविना कागदावर सही होत नाही तिला ऐच्छिक म्हणणे भाषेलाही मानवणारे नाही.

त्याच वर्षी बिनभोगवटा शुल्कावरही मर्यादा आली. सभासद स्वतः राहत नसून त्याने गाळा दुसऱ्यास राहावयास दिला असेल, तर संस्थेने आकारावयाचे हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा आदेश आहे. त्यापूर्वी काही संस्था वाटेल ती रक्कम आकारीत असत. हा आदेश योग्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केले. संस्था ही नफा मिळविण्यासाठी नाही, सभासदाच्या भाड्यातील ती भागीदार नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे.

देखभालीचा पैसा

संस्थेविषयीच्या तक्रारींत पहिला क्रमांक मासिक देयकाचा लागतो. हे देयक कसे आकारावे याचे नियम आदर्श उपविधींत दिलेले आहेत. मालमत्ता कर स्थानिक संस्थेने ज्या गाळ्यावर जसा आकारला असेल तसा. पाण्याचा आकार गाळ्यातील नळांच्या संख्येवर. पहारेकरी, झाडलोट, कार्यालयीन खर्च, जिन्यातील वीज हे सेवाशुल्क सर्वांना सारखे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांना सारखा, मग कोणी ती वापरो वा न वापरो. तळमजल्यावरील रहिवाशाला यांपैकी शेवटचा नियम नेहमीच अन्यायाचा वाटतो. त्याचे गाऱ्हाणे समजण्यासारखे आहे. पण लिफ्टचा वापर मोजून आकारणी करू लागल्यास जिन्यातील दिव्याचा आणि गच्चीवरील टाकीचाही असाच हिशेब मागितला जाईल, आणि तो कधीच संपणार नाही. गाळा लहान असो वा मोठा, पहारेकरी सर्वांसाठी सारखाच जागा असतो, ही त्यामागील भूमिका आहे.

खरी उपेक्षा होते ती दोन निधींची. इमारतीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत, आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. या खर्चात जमिनीची किंमत धरावयाची नाही. उदाहरणादाखल चोवीस गाळ्यांची एक इमारत घेऊ. प्रत्येक गाळ्याचा बांधकाम खर्च २० लाख रुपये धरला, तर एका गाळ्यामागे दुरुस्ती निधीचे वर्षाला १५,००० आणि सिंकिंग फंडाचे ५,००० रुपये होतात. दोन्ही मिळून महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. संपूर्ण इमारतीचा सिंकिंग फंड वर्षाला १,२०,००० रुपये, आणि तीस वर्षांत, व्याज न धरता, ३६ लाख रुपये. हा पैसा जेथे साचत जातो तेथे तीस वर्षांनी खांबाच्या सळ्या उघड्या पडल्या की सभासदांना घाबरून एकमेकांकडे पाहावे लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? वार्षिक सभेत कोणीतरी उठून देयक कमी करण्याची सूचना मांडतो, टाळ्या पडतात, आणि कात्री चालते ती याच दोन निधींवर, कारण पहारेकऱ्याचा पगार कापता येत नाही. 'आमच्या संस्थेचा देखभाल खर्च सर्वांत कमी' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. तो अभिमान बहुधा पुढच्या पिढीच्या खिशातून काढलेला असतो. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असल्यास दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, असे उपविधींत म्हटले आहे. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींना ही तपासणी महानगरपालिकेच्या कायद्यानेही बंधनकारक केली आहे. तपासणीचा अहवाल कपाटात ठेवून देणाऱ्या संस्थाही आहेत. अहवाल उघडला की खर्च आला, आणि खर्च आला की सभा आली.

सभा आणि समिती

कायद्याने संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे दिली आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हावी लागते. तिची चौदा पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. गणपूर्ती सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी कमी ती, असते. त्याच धर्तीची ही तरतूद आहे. वेळेवर वीस जण आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने, सूचनेत तसे नमूद केले असल्यास, गणपूर्तीवाचून भरते. एकशे वीस गाळ्यांच्या संस्थेत खुर्च्या मांडलेल्या असतात वीस, माणसे येतात अकरा, आणि ते अकरा जण रंगकामाचे कंत्राट मंजूर करतात. यात बेकायदेशीर काही नसते. न आलेले एकशे नऊ जण मग वर्षभर जिन्यात त्या कंत्राटाची चर्चा करतात.

समितीच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे बहुतेक ठिकाणी मानद असतात. पंप बिघडला, वरच्या स्नानगृहातून खालच्या भिंतीवर ओल आली, लग्नघरी रात्री गाणी लागली, की पहिली थाप सचिवाच्या दारावर पडते. सभासदांची नोंदवही, भाग प्रमाणपत्रे, नामनिर्देशनाची नोंद, इतिवृत्त, देयके, लेखापरीक्षणातील दोषांची दुरुस्ती हे सारे त्याने नोकरी सांभाळून करावयाचे असते. त्यामुळे निवडणुकीच्या वेळी उमेदवारच मिळत नाहीत, आणि एकदा सापडलेला सचिव पंधरा-वीस वर्षे सोडला जात नाही. अशा दीर्घ कारभारातून दोनच गोष्टी निपजतात. एखाद्या संस्थेला निरपेक्ष बुद्धीने झिजणारा माणूस लाभतो. दुसऱ्या एखाद्या संस्थेत सचिवाचा शब्द हाच उपविधी होऊन बसतो. कोणती संस्था कोणत्या वाटेने गेली हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. सभासदाने हिशेबाची वही पाहावयास मागितली असता ती टेबलावर येते की कपाळावर आठी येते, हे पाहावे. ही कागदपत्रे पाहण्याचा हक्क सभासदाला अधिनियमानेच दिला आहे.

२०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यापूर्वी दहा गाळ्यांच्या संस्थेला आणि हजारो सभासदांच्या साखर कारखान्याला बहुतांशी एकच नियम लागू होते, आणि त्यातून लहान संस्थांची बरीच ओढाताण होई. लहान संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक त्यानंतर मिळाली, ही त्या दृष्टीने समंजस सुधारणा म्हणावी लागेल.

कोणी राहावे आणि कोणी राहू नये

येथपर्यंतचे प्रश्न पैशाचे आणि व्यवस्थेचे होते. याहून नाजूक प्रश्न असा की, आपल्या शेजारी कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यांना किती असावा?

कायद्याचे सर्वसाधारण धोरण खुल्या सभासदत्वाचे आहे. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावरील निर्णय तीन महिन्यांत कळविला नाही तर अर्जदारास सभासद करून घेतले असे मानले जाते. गाळा भाड्याने देण्यासाठी संस्थेची परवानगी आवश्यक नाही. आगाऊ कळविणे आणि कराराची प्रत देणे पुरेसे आहे, असे आदर्श उपविधींचे म्हणणे आहे. कागदावर हे सर्व स्पष्ट असले तरी जिन्यात वेगळे नियम चालतात. अविवाहित तरुणांना जागा देऊ नये, अमुक आहार करणाऱ्यांना देऊ नये, अमुक धर्माच्या, जातीच्या किंवा भाषेच्या कुटुंबाला देऊ नये, असे अलिखित संकेत अनेक इमारतींत पाळले जातात. ते कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाहीत, म्हणून त्यांविरुद्ध दाद मागणे अवघड होते. जिल्ह्याच्या गावी बदलून आलेला शिक्षक किंवा आरोग्य कर्मचारी जागेसाठी दारोदार हिंडतो तेव्हा त्याला या संकेतांची ओळख होते.

या प्रश्नाची कायदेशीर बाजू २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली. प्रकरण गुजरातमधील, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे होते. सभासदत्व पारशी व्यक्तींपुरते मर्यादित ठेवणारा तिचा उपविधी न्यायालयाने वैध ठरविला. नागरिकांना संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि आपला सभासद कोण असावा हे ठरविणे हा त्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. गावदेवीच्या काळी ज्ञातीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संस्थांचा इतिहास पाहता या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, कारण लहान समाजाने परस्परांच्या आधाराने घरे बांधली म्हणून तर ती चळवळ सुरू झाली. परंतु त्या वेळी अशी संस्था म्हणजे असंख्य भाड्याच्या चाळींमधील एक अपवाद होती. आता शहरातील घरांचा फार मोठा भाग संस्थांमध्ये आहे. अपवादाला शोभणारे स्वातंत्र्य नियमाला दिले तर नको असलेल्या माणसाने राहावयाचे कोठे, याचे उत्तर त्या निर्णयातून मिळत नाही.

अमेरिकेतही घरमालकांच्या संघांपुढे हा प्रश्न आला होता. तेथे संघाची सत्ता सहकारी कायद्यातून येत नाही. जमिनीच्या खरेदीखतातच अटी घातलेल्या असतात आणि जो घर घेतो त्याला त्या बांधून ठेवतात. हिरवळ किती उंच असावी, कुंपणाला रंग कोणता द्यावा, इथपर्यंत त्या अटी जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा खतांतून कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशाही अटी सर्रास घातल्या जात. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. खाजगी करार असला तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्याची यंत्रणा राबवता येणार नाही, हे त्यामागील सूत्र. आपल्याकडे संस्थेची नोंदणी शासनाचा निबंधक करतो, तिचे उपविधी तोच मंजूर करतो आणि तिची वसुली महसुली पद्धतीने होते. संस्थेचे दार कोणासाठी बंद असावे याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उचित होईल.

जमीन कोणाच्या नावे

गाळा विकत घेताना खरेदीदार भिंती, खिडक्या, नळ तपासून पाहतो. जमीन कोणाच्या नावे आहे हे फारच थोडे पाहतात. संस्था नोंदली गेली, सभा होऊ लागल्या, देयके निघू लागली, तरी सात-बारावर अथवा मिळकत पत्रिकेवर मूळ जमीनमालकाचे किंवा व्यावसायिकाचेच नाव राहते. अभिहस्तांतरण न झालेल्या अशा संस्था राज्यभर विखुरलेल्या आहेत. परिणाम तत्काळ जाणवत नाही. तो जाणवतो पंचवीस-तीस वर्षांनी, इमारत जीर्ण होऊन नव्याने बांधावयाची वेळ आली की. तोपर्यंत व्यावसायिकाची पेढी बंद झालेली असते किंवा त्याचे वारस आपसांत भांडत असतात. शिवाय दरम्यानच्या काळात वाढलेल्या बांधकाम हक्कावर तेच दावा सांगतात.

या अडचणीवर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा उपाय दिला. व्यावसायिक सहकार्य करीत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. दोन्ही बाजू ऐकून तो प्रमाणपत्र देतो आणि त्याआधारे जमीन संस्थेच्या नावे होऊ शकते. उपाय चांगला आहे, परंतु त्यासाठी मंजूर नकाशा, करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे जमवावी लागतात. येथेही पुन्हा त्या मानद सचिवाचीच कसोटी लागते. वाहनतळाच्या बाबतीत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका संस्थेच्या प्रकरणात असा निर्वाळा दिला की, इमारतीखालील खांबांमधली वाहनांची जागा ही सामाईक सुविधा असून ती व्यावसायिकाला स्वतंत्र गाळ्याप्रमाणे विकता येत नाही. अशा जागा पैसे देऊन 'विकत' घेतलेल्या अनेकांना हा निर्णय अजूनही पचलेला नाही, आणि सभांमधील सर्वांत कडाक्याचे वाद तेथेच झडतात.

पुनर्विकासासंबंधी शासनाने जानेवारी २००९ मध्ये निर्देश काढले तेव्हा तीन-चतुर्थांश सभासदांची संमती आवश्यक ठरविली होती. जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांनी ती एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आणली. दोन-चार जणांच्या हट्टापायी धोकादायक इमारतीत सर्वांनी जीव मुठीत धरून राहावे, ही स्थिती त्यामुळे बदलली. पण एकोणपन्नास टक्क्यांचे म्हणणेही या बदलाने हलके झाले, हे नाकारता येत नाही. वृद्ध दांपत्याला तीन वर्षे भाड्याच्या घरात काढावयाची कल्पना भीतीदायक वाटते. तरुण कुटुंबाला वाढीव क्षेत्र हवे असते. दोन्ही बाजू आपापल्या जागी रास्त आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाचा. त्यात गाळा आणि सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा हे दोन्ही थेट व्यक्तीच्या नावे होतात. पुण्यात या पद्धतीच्या इमारती पुष्कळ आहेत. संस्थेत एका सभासदाला एक मत, तर येथे मताचे वजन हिश्शाच्या प्रमाणात, हा यांतील मोठा भेद. मोठ्या गाळ्याच्या मालकाला दुसरी पद्धत आवडते आणि लहान गाळ्याच्या मालकाला पहिली, हे सांगावयास नकोच.

ग्रामपंचायतीच्या हद्दीतील इमारती

शहरांलगतच्या गावांत आता चार-सहा मजली इमारती उभ्या राहत आहेत. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. तोवर तेथील कित्येक वसाहतींत टँकरचे पाणी, कचऱ्याची विल्हेवाट आणि रस्त्यावरचे दिवे यांचा खर्च संस्थाच करीत होत्या. रहिवासी घरपट्टी ग्रामपंचायतीला देत आणि त्याच सोयींसाठी पुन्हा देखभाल शुल्क संस्थेला देत. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ही सोयीची व्यवस्था असली तरी इमारतीच्या फाटकापर्यंत पाणी आणणे हे संस्थेचे काम नव्हे. फाटकाच्या आत टाकी स्वच्छ ठेवणे हे तिचे काम.

अशा गावांतील सदस्यांकडे आणि शिक्षकांकडे गाळा घेऊ पाहणारी कुटुंबे सल्ल्यासाठी येतात. त्यांना काही गोष्टी विचारावयास सांगता येतील : बांधकामाची परवानगी कोणत्या प्राधिकरणाने दिली, भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, प्रकल्पाची नोंदणी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली झाली आहे काय. बहुसंख्य गाळे नोंदले गेल्यापासून तीन महिन्यांत ग्राहकांची संस्था स्थापन होण्यास साहाय्य करणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य असल्याचे त्या अधिनियमात म्हटले आहे. जुन्या इमारतीतील गाळा असेल तर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, दोन्ही निधींतील शिल्लक आणि जमिनीचा उतारा पाहावा. आणि सभासद झाल्यावर नामनिर्देशनाचा अर्ज लगेच भरून द्यावा. सभासदाच्या मृत्यूनंतर संस्था नामनिर्देशिताचे नाव लावते खरी, परंतु त्यामुळे तो मालक होत नाही. वारसांचा हक्क स्वतंत्र राहतो. हे आधीच समजून घेतले नाही म्हणून भावंडांमध्ये सुरू झालेले खटले सहकार आणि दिवाणी अशा दोन्ही न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात, आणि तोपर्यंत त्या गाळ्याच्या देयकावर मृत सभासदाचेच नाव छापून येत राहते.